बाकावरचे तिघे

कुडाळला कातडीच्या डॉक्टरांबाहेर एक बाक आहे,
त्याचा चौथा पाय विटेवर.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघं तिथे भेटतो
आणि आधी एकमेकांच्या डोक्याकडे बघतो.
नमस्कार नंतर.

माझी चाई कानामागे सुरू झाली, आठ आण्याएवढी.
शिमग्याच्या आधी, आसोलीत, सुरंगीचे वळेसर ओवताना
नणंदेने केस उचलून पाहिले:
"वयनी, हय कोणी कुरतडल्यान गो?"
गुंज उगाळून लावली. कातडी सोलली, केस नाही आला.
मग आठ आण्याचा रुपया झाला,
मग भांगाजवळ दुसरा.

डॉक्टर म्हणाले, शरीराची राखण करणाऱ्या पेशी
तुमच्याच केसांना परकं समजतायत.
मला एवढं कळलं, की वाडीचा राखणदार बिथरला
आणि काठी घेऊन घरच्याच माणसांमागे लागला.
गोळी असते ती त्याला गप्प बसवायला.
कोणी जोरात दटावते, कोणी हळू समजावते,
आणि तो गप्प बसला, की मग रात्री चोर आला तर?
हे मी विचारलं नाही. तपासण्यांच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलंच होतं.

इनासला स्टिरॉइड. शनिवार-रविवार, भरल्या पोटी,
बाकी पाच दिवस सुट्टी.
शनिवारी तो ट्रॉलरवर असतो, वेंगुर्ल्यापासून लांब,
गोळ्या तंबाखूच्या डबीत.
तिसऱ्या महिन्यात दाढीत केस उगवले, आधी पांढरे.
गालही उगवले म्हणतो, आईला वाटलं पोरगा सुधारला.
डोस कमी केला
तशी टाळूवर नवी चाई, पहिलीच्या शेजारी.

मला मेथोट्रेक्सेट. बुधवारी.
आठवड्यातून एकदाच, रोज नाही:
डॉक्टरांनी लाल पेनाने खाली तीन रेघा मारल्या.
दुसऱ्या दिवशी पिवळी गोळी, पहिलीचं विष उतरवायला.
दर महिन्याला लिव्हरसाठी रक्त.
दारू नको म्हणाले, तर इनास म्हणाला, तुझ्या वाटणीची माका.
मूलही नको म्हणाले, एवढ्यात.
ते मी घरी सांगितलेलं नाही.
गुरुवारी मळमळतं. नेमकं गुरुवारी,
जेव्हा बाजारात बायका वळेसर नाकाशी धरतात
आणि डोळे मिटतात,
मी तोंडात आवळ्याची फोड धरून पैसे मोजते.

आरावंदेकर पतपेढीत आहेत. त्यांना नवी गोळी,
टोफा की काय, सकाळ-संध्याकाळ.
आधी टीबीची तपासणी, चरबीची, काविळीची.
त्यांच्या भुवयासुद्धा गेल्या होत्या,
खातेदार ओळखपत्र मागायचे त्यांच्याकडेच.
चार महिन्यांत सगळं परत. काळं, दाट,
लग्नातल्या फोटोपेक्षा बरं.
मग मुलीची फी आली, एक महिना गोळी राहिली,
आणि उशीवर परत तेच.
त्यांची महिन्याची गोळी म्हणजे माझे दोनशे वळेसर.
मी हिशेब केला, बोलले नाही.
त्यांनीही केला असावा. ते पतपेढीतले.

"माका खरा सांगा," इनासने एकदा विचारलं,
"तिघांतली बरी खयची?"
आरावंदेकरांनी भुवई वर केली, असल्याने.
मी म्हटलं, लवकर येणारी, की टिकणारी,
की परवडणारी, की मळमळ नसलेली?
"तसा नाय गो. बरी."
आत नंबर पुकारला.

या सोमवारी इनास आला नाही.
बोट गेली असेल. किंवा केस आले असतील.
किंवा त्याने गोळ्याच समुद्रात टाकल्या असतील,
तो तसा आहे.
कानामागे मला बोटाला काहीतरी लागतंय,
कोवळ्या काजूच्या पानाइतकंही नाही, त्याहून कमी.
आधी त्याला दाखवायचं होतं.

आम्ही मधली जागा सोडून बसलो.
दोघांच्या वजनाने बाक
विटेवरून सारखा डुगडुगत राहिला.